नोंगसावलियाचं चर्च आणि तिथली दफनभूमी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चेरापुंजी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर शाळेचं भूगोलाचं पुस्तक येतं. हल्ली मेघालयात जाणारी मराठी मंडळी खूप वाढली आहेत, आणि धबधबे, गुहा, झाडांच्या मुळांचे पूल पाहून ती परत येतात. नोंगसावलियाच्या चर्चजवळ फार थोडे लोक थांबतात. थांबलेल्यांनी मला वेळोवेळी जे प्रश्न विचारले, ते इथे एकत्र केले आहेत. काहींची उत्तरं दोन ओळींत संपतात, काहींना वेळ द्यावा लागतो.

नोंगसावलिया नेमकं कुठे आहे?

मेघालयात, सोहरा गावात. सोहरा म्हणजेच आपलं चेरापुंजी. गावाचं मूळ नाव सोहराच. इंग्रजांच्या तोंडी त्याचं ‘चेरा’ झालं आणि सिल्हेटकडे (आता बांगलादेशात) डोंगरातल्या वस्तीला ‘पुंजी’ म्हणतात, ते त्याला चिकटलं. नोंगसावलिया ही सोहरातली एक वस्ती. शिलाँगहून अंतर साधारण ५४ किलोमीटर आहे, पण घाट आणि धुकं धरून दोन तास हाताशी ठेवावेत.

ईशान्य भारतातलं हे पहिलं चर्च आहे का?

नाही. अमेरिकन बॅप्टिस्ट मिशनरी १८३६ मध्येच आसामात सादियाला पोहोचले होते. नोंगसावलियाचं पहिलेपण वेगळं आहे. खासी आणि जैंतिया टेकड्यांतल्या प्रेस्बिटेरियन मंडळ्यांची, म्हणजे स्थानिक ख्रिस्ती समुदायांची, ही पहिली मंडळी. आज शिलाँगला मुख्यालय असलेलं प्रेस्बिटेरियन चर्च ऑफ इंडिया मिझोरामपासून आसामच्या बराक खोऱ्यापर्यंत पसरलं आहे, त्याची सुरुवात या टेकडीवर झाली.

इथलं काम सुरू केलं थॉमस जोन्स या वेल्श मिशनऱ्यानं, पण खुद्द सोहरातसुद्धा जोन्स पहिला नव्हता. बंगालमधल्या श्रीरामपूरच्या बॅप्टिस्ट मिशननं १८३२ मध्ये अलेक्झांडर लिश याला इथे पाठवलं होतं. त्यानं शाळा काढल्या, पण १८३८ च्या सुमारास ते काम बंद पडलं. त्याही आधी, १८१३ मध्ये, कृष्णचंद्र पाल हे बंगाली प्रचारक टेकड्यांच्या पायथ्याशी पांडुआपर्यंत येऊन गेले होते. ‘पहिला’ हा शब्द वापरताना एवढं लक्षात ठेवलेलं बरं.

प्रेस्बिटेरियन म्हणजे काय? कॅथलिकांहून हे वेगळे कसे?

फरक पुष्कळ आहेत, पण ठळक फरक कारभाराचा. प्रेस्बिटेरियन पंथात बिशप नसतो. मंडळीनं निवडलेले वडील आणि पाळक एकत्र बसून निर्णय घेतात. ग्रीक भाषेतल्या ‘वडीलधारा’ या अर्थाच्या शब्दावरूनच पंथाचं नाव पडलं आहे. सोळाव्या शतकात स्कॉटलंडमध्ये जॉन नॉक्सच्या काळात ही पद्धत रुजली. मराठी ख्रिस्ती लोक ‘मंडळी’, ‘वडील’, ‘पाळक’ हेच शब्द वापरतात. खासीत मंडळीला ‘बालांग’ म्हणतात आणि वडिलांना ‘तिम्मेन बासान’. ‘तिम्मेन’ म्हणजे वयानं मोठा.

खासी गावांचा कारभार पूर्वीपासून दरबार भरवून चालत आला आहे. गावातल्या जाणत्यांनी गोल करून बसायचं आणि बोलून ठरवायचं. प्रेस्बिटेरियन पद्धत इथे इतकी सहज रुजली याचं एक कारण तेच असावं, असं मला वाटतं.

ब्रिटिश म्हटले की इंग्रज किंवा स्कॉटिश आठवतात. वेल्श लोक इथे कसे आले?

वेल्समध्ये कॅल्विनिस्टिक मेथडिस्ट नावाचा पंथ होता. १८११ मध्ये तो चर्च ऑफ इंग्लंडपासून वेगळा झाला. नावात मेथडिस्ट असलं तरी विचार आणि कारभार प्रेस्बिटेरियन, म्हणून पुढे तो प्रेस्बिटेरियन चर्च ऑफ वेल्स याच नावानं ओळखला जाऊ लागला. ३१ जानेवारी १८४० रोजी लिव्हरपूलमध्ये त्यांनी स्वतःचं परदेशी मिशन उभं केलं. तोवर वेल्श मिशनऱ्यांना लंडनच्या संस्थेमार्फत जावं लागे. खासी टेकड्यांचं नाव सुचवलं जेकब टॉमलिन या मिशनऱ्यांनी. ते आधी चेरापुंजीला राहून आले होते.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. हे लोक घरी वेल्श बोलत, प्रार्थना वेल्शमध्ये करत, आणि इंग्रजीच्या दबावाखाली आपली भाषा टिकवण्याची त्यांना सवय होती. त्यांच्या रविवारच्या शाळा फक्त मुलांच्या नसत. म्हातारी माणसंसुद्धा तिथे येऊन वाचायला शिकत. स्वतःच्या भाषेत वाचता येणं हा त्यांच्या धर्माचाच भाग होता. सोहराला आल्यावर त्यांनी तेच केलं.

थॉमस जोन्स कोण होता?

सुतार. जन्म २४ जानेवारी १८१० चा, वेल्सच्या मॉन्टगोमेरीशर परगण्यातला. हातकाम करता करता तो उपदेशक झाला आणि बाला या गावच्या धर्मशिक्षणाच्या कॉलेजात शिकला. नव्या मिशनचा तो पहिला मिशनरी. २५ नोव्हेंबर १८४० ला तो आणि त्याची बायको अ‍ॅन लिव्हरपूलहून ‘जमैका’ जहाजानं निघाले, २३ एप्रिल १८४१ ला कलकत्त्याला उतरले आणि २२ जून १८४१ ला सोहराला पोहोचले. म्हणजे ऐन पावसाळ्यात, चेरापुंजीच्या. तारखेकडे पाहिलं की पहिला विचार मनात येतो तो त्या दोघांच्या ओल्या सामानाचा.

मेघालय सरकार २०१८ पासून २२ जून हा थॉमस जोन्स दिन म्हणून पाळतं.

खासी भाषेला लिपी त्यानंच दिली हे खरं आहे का?

खरं आहे, पण थोडं उलगडून सांगायला हवं.

खासी आधी लिहिली गेली होती, पण बंगाली लिपीत. श्रीरामपूरच्या छापखान्यातून १८३१ मध्ये नवा करार बंगाली अक्षरांत खासीत छापून निघाला होता. डोंगरावरच्या लोकांना तो वाचता येईना. जोन्सनं बंगाली बाजूला ठेवली, रोमन अक्षरं घेतली, आणि १८४२ मध्ये पहिलं खासी वाचनपुस्तक तयार केलं. त्याच सुमारास त्यानं वेल्श मुलांच्या प्रश्नोत्तरांचं एक पुस्तकही खासीत आणलं आणि पुढे मॅथ्यूच्या शुभवर्तमानाचं भाषांतर केलं.

गंमत आहे ती अक्षरांच्या क्रमात. खासी वर्णमाला ए, बी, के, डी अशी सुरू होते. ‘सी’ च्या जागी ‘के’ का? वेल्श भाषेत ‘क’ हा आवाज ‘सी’ नं लिहितात, वेल्श वर्णमालेत ‘के’ नाहीच. जोन्सनं सवयीप्रमाणे ‘सी’ वापरलं. नंतरच्या लोकांनी ‘सी’ काढून ‘के’ आणलं, पण बसवलं त्याच जुन्या खुर्चीत. तसंच ‘जी’ नंतर ‘एनजी’ हे जोडअक्षर स्वतंत्र अक्षर म्हणून येतं, अगदी वेल्शमध्ये येतं तिथेच. सोहरातलं पोर शाळेत अक्षरं घोकतं तेव्हा त्याला माहीतही नसतं की हा क्रम वेल्सच्या खेड्यातून आलेल्या एका सुताराच्या डोक्यातला आहे.

बंगालीऐवजी रोमन घेतल्यानं खासी लोक सिल्हेटच्या मैदानी लेखनसंस्कृतीपासून दूर गेले, अशी टीका होते. ती दुर्लक्ष करण्यासारखी नाही. तरी ज्या माणसाला वाचायचं होतं त्याच्या तोंडचे आवाज कोणत्या अक्षरांत नीट बसतात, हा प्रश्न जोन्सनं विचारला, आणि तो योग्य प्रश्न होता असं माझं मत आहे.

मंडळी सुरू केव्हा झाली?

१८४६ मध्ये. पाच वर्षं शाळा चालल्या, पुस्तकं छापली गेली, लोक येऊन ऐकून गेले, पण बाप्तिस्मा कुणी घेतला नव्हता. मॉस्माई, मॉम्लुह आणि सोहरा इथल्या शाळा हाच कामाचा गाभा होता. १८४६ मध्ये उ आमोर आणि उ रुजोन या दोघांचा स्वीकार झाला आणि नोंगसावलियाची मंडळी उभी राहिली. पाच वर्षांत दोन माणसं! आज मेघालयात ख्रिस्ती लोकसंख्या ७४.५९ टक्के आहे (२०११ ची जनगणना), हे वाचून सगळं झटपट घडलं असेल असं वाटतं. तसं झालेलं नाही.

तोवर विल्यम आणि मेरी लुईस हे दुसरं जोडपंही आलं होतं. जोन्सपेक्षा त्यांचं काम लांब पल्ल्याचं ठरलं. खासीतला पूर्ण नवा करार १८७१ मध्ये आला, तो मुख्यतः लुईसच्या कष्टातून. संपूर्ण बायबल १८९१ मध्ये.

आजची इमारत १८४६ ची आहे का?

नाही. १२ जून १८९७ ला संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास मोठा भूकंप झाला. तीव्रता ८ च्या घरातली. पुण्यात रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या त्याच्या दहा दिवस आधीची ही गोष्ट. खासी टेकड्यांतली दगडी बांधकामं जवळजवळ सगळी कोसळली आणि सोहराच्या आसपास दरडींखाली शेकडो लोक गेले. त्यानंतर या भागात लाकडी सांगाडा, वेताबोरूच्या भिंती आणि वर पत्रा अशी हलकी घरं बांधायची पद्धत पडली. म्हणून इथे जुनेपणा शोधायचा तर इमारतीत शोधू नये. भूकंपातून वाचतं ते जमिनीतलं आणि जमिनीलगतचं.

खासी लोक पूर्वी मृतांना पुरत असत का?

नाही, दहन करत असत. जे खासी आपला मूळ धर्म पाळतात ते आजही करतात. नोंगसावलियाची दफनभूमी समजून घ्यायची तर सगळ्यात आधी हे समजायला हवं.

जुन्या रीतीप्रमाणे दहनानंतर अस्थी गोळा करून दगडी पेटीसारख्या छोट्या बांधकामात ठेवत. काही काळानं, कधी कित्येक वर्षांनी, कुळातले लोक एकत्र येऊन विधीपूर्वक त्या अस्थी ‘मॉबाह’ मध्ये, म्हणजे कुळाच्या मोठ्या सामायिक अस्थिगृहात हलवत. ‘मॉ’ म्हणजे दगड. मॉसिनराम, मॉस्माई, मॉम्लुह या नावांत तोच शब्द आहे. खासी टेकड्यांवर जागोजागी उभे आणि आडवे दगड दिसतात ते ‘मॉबिन्ना’, पूर्वजांच्या स्मरणाचे दगड. उभे पुरुषांचे, आडवा सपाट दगड कुळाच्या मूळ आईचा.

आता यातली खरी मेख. खासी समाजात कूळ आईकडून येतं. नवरा आणि बायको वेगवेगळ्या कुळांचे असतात, आणि लग्नानं ते बदलत नाही. त्यामुळे नवरा गेला की त्याच्या अस्थी त्याच्या आईच्या कुळाकडे जात. बायकोच्या अस्थी तिच्या आईच्या कुळात. आयुष्यभर एका चुलीपाशी बसलेली दोन माणसं मेल्यावर दोन वेगळ्या दगडांखाली. त्यात कुणाला दुःख नव्हतं, कारण माणूस परत आईकडे जातो हीच समजूत होती.

ख्रिस्ती दफनभूमीत नवरा-बायको शेजारी शेजारी झोपले. मुलांची कबर बापाजवळ आली. आपल्याला यात काही विशेष वाटणार नाही, पण खासी समाजासाठी ही उलथापालथ होती. त्याहून मोठा पेच सगळ्यात धाकट्या मुलीचा. तिला ‘खातदूह’ म्हणतात. घर तिच्याकडे राहतं, आणि कुळाचे विधी, अस्थींची काळजीही तिच्याकडेच असते. तिनं धर्म बदलला तर विधी कोण करणार? जुन्या रिवाजानुसार मग तो मान आणि ते घर पुढच्या बहिणीकडे जाई. एखाद्या धाकट्या मुलीनं बाप्तिस्मा घेणं म्हणजे काय पणाला लावणं होतं, हे यावरून कळतं.

दफनभूमीतल्या जुन्या, साध्या दगडांपुढे उभं राहाल तेव्हा ही गोष्ट मनात असू द्या.

तिथे कुणाच्या कबरी आहेत?

बहुतेक मंडळीतल्याच लोकांच्या. गावातल्याच घरांतली माणसं ती, त्यांची नावं मी इथे देणार नाही. शिवाय मिशनच्या सुरुवातीच्या काळात इथे वारलेल्यांच्याही कबरी सोहरात आहेत. अ‍ॅन जोन्स १८४५ मध्ये इथेच बाळंतपणात गेली. सोहराला येऊन तिला जेमतेम चार वर्षं झाली होती. मिशनच्या इतिहासात तिच्या वाट्याला बहुधा एक वाक्य येतं, ‘जोन्सची पहिली पत्नी’. पाच महिने समुद्रावर काढून, मुसळधार पावसात डोंगर चढून आलेली ही बाई होती.

सोहरातच डेव्हिड स्कॉट या ब्रिटिश अधिकाऱ्याचंही स्मारक आहे. तो ऑगस्ट १८३१ मध्ये इथे वारला. याच स्कॉटच्या रस्त्याच्या योजनेतून खासी सरदार उ तिरोत सिंग यांचा १८२९ चा उठाव पेटला होता, आणि त्यानंच या टेकड्यांत बटाटा आणला. ते स्मारक चर्चचं नाही, लोक मात्र दोन्हींची सरमिसळ करतात.

दगडांवरचा मजकूर कसा वाचायचा? काहीच कळत नाही.

थोडे शब्द पुरतात. नावाआधी ‘उ’ असेल तर पुरुष, ‘का’ असेल तर स्त्री. ‘ला खा’ म्हणजे जन्मला किंवा जन्मली, ‘ला याप’ म्हणजे वारला किंवा वारली. अक्षरं रोमन असल्यामुळे जुळवता येतात.

कुठे वेल्श मजकूर दिसला तर ‘एर कोव आम’ म्हणजे ‘च्या स्मरणार्थ’, ‘गान्वीद’ म्हणजे जन्म आणि ‘बी वारू’ म्हणजे मृत्यू.

आडनावं पाहताना आपल्या सवयीनं गफलत होते. मुलांचं आडनाव आईचं असतं. एका कुटुंबाच्या कबरी असतील तर बापाचं आडनाव वेगळं आणि आई व मुलांचं एक असं दिसेल. तो बाहेरचा कुणी असावा असं समजू नका, तो बापच आहे.

थॉमस जोन्सची कबर इथे का नाही?

कारण त्याच्याच मिशननं त्याला काढून टाकलं होतं.

अ‍ॅनच्या मृत्यूनंतर १८४६ मध्ये त्यानं एमा कॅटेल हिच्याशी लग्न केलं. ती वयानं बरीच लहान होती, आणि हे लग्न मिशनला रुचलं नाही. शेती आणि व्यापारात त्यानं घातलेलं लक्षही खटकत होतं. १८४७ मध्ये त्याचा मिशनशी संबंध संपला. तो जैंतिया टेकड्यांकडे पोमरेंगला जाऊन राहिला.

पुढची गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. खासी टेकड्यांतल्या चुनखडीच्या आणि संत्र्यांच्या व्यापारावर हॅरी इंग्लिस याची पकड होती. सोहराचा इंग्रज राजकीय अधिकारी कर्नल लिस्टर हा त्याचा सासरा, आणि इंग्लिस स्वतः लिस्टरचा मदतनीस. ज्याच्याकडे तक्रार करायची त्याच्याच घरातला माणूस व्यापार करत होता. जोन्स खासी लोकांच्या बाजूनं उभा राहिला, त्यांच्या तक्रारी लिहून देऊ लागला. इंग्लिसनं त्याला इतकं छळलं की त्याला जंगलातून पळ काढावा लागला. वाटेत त्याला मलेरिया झाला. १६ सप्टेंबर १८४९ ला तो कलकत्त्यात वारला. वय ३९. तिथल्या स्कॉटिश कबरस्तानात त्याला पुरलं.

१८५३ मध्ये मिल्स या न्यायाधीशानं खासी टेकड्यांच्या कारभाराची चौकशी करून अहवाल दिला. तोवर जोन्सला जाऊन चार वर्षं झाली होती.

बऱ्याच पत्रकांत जोन्सचं आयुष्य ‘सोहराला आला, लिपी दिली’ एवढ्यावरच थांबतं. मला ते अन्यायाचं वाटतं. त्याच्या आयुष्याची शेवटची दोन वर्षं चर्चबाहेरची आहेत, आणि माझ्या लेखी तीच सगळ्यात धैर्याची. खासी लोकांनी मात्र त्याला अंतर दिलं नाही. कलकत्त्याच्या त्याच्या कबरीवर आज जो दगड आहे, त्यात त्याला खासी अक्षरांचा आणि साहित्याचा जनक म्हटलं आहे.

इथला कुणी खासी माणूस वेल्सला गेला होता का?

हो, उ लारसिंग. नोंगसावलियाच्या पहिल्या पिढीतला तरुण. लुईस पती-पत्नी मायदेशी परतले तेव्हा तोही त्यांच्यासोबत गेला आणि वेल्समधल्या मंडळ्यांपुढे बोलला. १८६३ मध्ये तिकडेच तो वारला. इंग्लंडच्या चेस्टर शहरातल्या ओव्हरली कबरस्तानात त्याची कबर आहे.

वेल्सहून आलेला कलकत्त्यात, सोहराहून गेलेला चेस्टरमध्ये. अ‍ॅन सोहरात.

मिशनरी आल्यानं खासी परंपरा नष्ट झाली, असं म्हणतात. तुमचं मत?

नुकसान झालं, हे मान्य करायलाच हवं. मिशननं नाच, मूळ धर्माचे विधी, अस्थींचे संस्कार यांना हिणवलं. अनेक कुळांचे मॉबाह त्यामुळे ओस पडले. त्याविरुद्ध आवाजही खासी लोकांनीच उठवला. २३ नोव्हेंबर १८९९ ला सोळा तरुणांनी सेंग खासी ही संघटना स्थापन केली, ती आजही मूळ धर्म आणि रीती जपते. बाबू जीबन रॉय यांनी १८९६ मध्ये शिलाँगला री खासी प्रेस काढला आणि खासी विचार, कथा, आचार छापायला सुरुवात केली. छापले ते जोन्सच्याच अक्षरांत. जे हत्यार मिशननं हाती दिलं, तेच त्यांनी स्वतःच्या कामासाठी चालवलं.

सोहरात १९३१ पासून रामकृष्ण मिशनचंही मोठं काम आहे, स्वामी प्रभानंदांनी सुरू केलेलं. एकाच गावात चर्च, रामकृष्ण मिशन आणि कुळांचे जुने दगड हे सगळं आहे. ज्याला खरंच समजून घ्यायचंय त्यानं तिन्ही ठिकाणी जावं.

मराठीशी याचा काही संबंध आहे का?

थेट नाही, एक धागा आहे. ज्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून खासी नवा करार निघाला, तिथूनच विल्यम केरीचं मराठी व्याकरण १८०५ मध्ये छापून निघालं होतं, वैजनाथशास्त्री कानफाडे यांच्या मदतीनं. प्रेस्बिटेरियन पंथाचा म्हणाल तर स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन १८२९ मध्येच मुंबईला आले होते. विल्सन कॉलेज त्यांच्याच नावाचं. पण विल्सन आले ते शेकडो वर्षांचं लिखित वाङ्मय असलेल्या भाषेत. जोन्सच्या हाती पाटी जवळजवळ कोरी होती.

चर्च आणि दफनभूमी पाहायला परवानगी लागते का? कधी जावं?

आत जाण्याआधी तिथल्या कुणाला तरी विचारा, एवढंच. ‘खुब्लेइ’ म्हणा. नमस्कारालाही तोच शब्द आणि आभारालाही. ऑक्टोबर ते एप्रिल हे दिवस बरे. जून-जुलैमध्ये गेलात तर दफनभूमीतलं गवत, शेवाळ आणि निसरडे दगड सांभाळा. ऑगस्ट १८६० ते जुलै १८६१ या बारा महिन्यांत इथे २६,४६१ मिलिमीटर पाऊस झाला होता. तो विक्रम अजून मोडलेला नाही.

रविवारी उपासना असते. उपासनेला बसायचं असेल तर अवश्य बसा, गाणं ऐकण्यासारखं असतं. वेल्श लोकांनी चार स्वरांत गायची सवय इथे लावली, आणि खासी लोकांचं एक लाडकं गौरवगीत तर वेल्सच्या राष्ट्रगीताच्या चालीवर आहे. फक्त फोटो काढायला म्हणून मात्र रविवारी जाऊ नका. त्या दिवशी दुकानं, खानावळी बहुतांश बंद असतात. सोहराचा मोठा बाजार दर आठ दिवसांनी भरतो, सात नव्हे. खासी आठवडा आठ दिवसांचा. म्हणून बाजाराचा वार दर वेळी सरकतो. जाण्याआधी विचारून घ्या.

जुन्या दगडावरची अक्षरं दिसत नाहीत. पुसून पाहिलं तर चालेल का?

कृपा करून नको. इथला दगड वर्षानुवर्षं पाण्यात भिजलेला आहे. तारेचा ब्रश, ॲसिड, ब्लीच यांनी वरचा पापुद्रा निघतो आणि अक्षरही त्याच्याबरोबर जातं. खडू घासून अक्षरं उठवणंही टाळा. सकाळी लवकर किंवा उतरत्या उन्हात जा. तिरपा प्रकाश पडला की पुसट अक्षरं आपोआप उठून दिसतात. ढगाळ असेल तर मोबाईलचा टॉर्च दगडाला लागून बाजूनं धरा. तेवढ्यानं काम होतं.

कलकत्त्यातली जोन्सची कबर पाहता येते का?

हो. पार्क सर्कसजवळ करया रोडवर स्कॉटिश कबरस्तान आहे, १८२० मध्ये सुरू झालेलं. त्याची मालकी डलहौसी चौकाजवळच्या सेंट अँड्र्यूज चर्चकडे आहे. सुमारे सहा एकर जागा, सोळाशेच्या आसपास कबरी. अनेक वर्षं तिथे जंगल माजलं होतं, २००८ पासून साफसफाई आणि दुरुस्तीचं काम हाती घेतलं गेलं. शिलाँगहून परतताना विमान कलकत्त्याहून असेल तर अर्धा दिवस काढता येतो. रखवालदाराला ‘खासी लोक येतात ती कबर’ असं विचारून पाहा.